रात्रीची लाईट, रात्रीचं विमान

पुण्याहून दिल्लीला जाणाऱ्या विमानांची यादी मोबाइलवर भावाप्रमाणे लावली की वरच्या ओळी बहुधा रात्रीच्याच निघतात. एक वाजून दहा, दोन चाळीस, पावणेचार. दिवाळीच्या गर्दीत हे गणित मोडतं, एरवी सहसा नाही. सकाळी नऊचं विमान आणि हे रात्रीचं यांच्यात हजार-दोन हजारांचा फरक सहज पडतो. घरचे चौघं निघाले असतील तर वाचलेल्या पैशात एकाचं परतीचं तिकीट बसतं. बोट आपोआप पहिल्या ओळीवर जातं.

मी लातूरचा. डाळ मिलमध्ये विक्रीचं काम बघतो. तुरीचा नवा माल यायला लागला की दिल्लीच्या नया बाजारात चक्कर ठरलेली. क्विंटलमागं दहा-वीस रुपयांवरून अर्धा तास घासाघीस करण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला तिकिटावरचा भाव आधी दिसतो, वेळ नंतर. रात्रीचं विमान स्वस्त आहे यात वाद नाही. ते आमच्या भागातल्या माणसाला स्वस्त पडतं का, हा प्रश्न वेगळा आहे. मुंबईकराचा हिशोब इथं चालत नाही, कारण त्याच्या दारातून रिक्षा थेट विमानतळावर जाते.

आमच्याकडं लातूरला धावपट्टी आहे, नियमित प्रवासी विमान नाही. नांदेडला उडान योजनेतून 2017 मध्ये विमानसेवा आली, मधे बंद पडली, 2024 मध्ये पुन्हा सुरू झाली. संभाजीनगरच्या चिकलठाण्याहून दिल्ली-मुंबईची सोय आहे, पण लातूरकराला तिथं पोचायलाच पाच-सहा तास हवेत. तेवढ्यात माणूस पुण्याच्या वेशीवर असतो. म्हणून आमचं पुणे, नाहीतर हैदराबाद. उदगीर, निलंगा, उमरगा, देगलूरकडच्या लोकांना तर हैदराबादच बरं पडतं. जहीराबाद, संगारेड्डीवरून आलं की शहरात शिरायचं कामच नाही, बाहेरच्या रिंग रोडनं सरळ शमशाबाद. 2008 पर्यंत विमानतळ ऐन शहरात, बेगमपेठला होता, तेव्हा ही सोय नव्हती. आमच्या आजोबांची पिढी निजामाच्या काळात कोर्टकचेरीला हैदराबादलाच जायची. राज्य बदललं, राजधानी बदलली, पण अर्ध्या जिल्ह्याचे पाय अजून तिकडंच वळतात.

या अंतरामुळं एक गोष्ट होते, जी मुंबई-पुण्याच्या माणसाच्या लक्षात येत नाही. सकाळी नऊच्या ‘चांगल्या’ विमानासाठीही आमची एक रात्र जातेच. रात्री दहाची ट्रॅव्हल्स, मुरूड, बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी. भिगवणच्या अलीकडं-पलीकडं ढाब्यावर गाडी थांबली की मान अवघडून जाग येते. पहाटे हडपसरच्या गाडीतळावर उतरायचं आणि तोंड कुठं धुवायचं ते शोधायचं. उलट रात्री तीनच्या विमानासाठी दुपारी घरी भाकरी-वरण जेवून निघालं तरी रात्री साडेनऊ-दहाला पुण्यात. दिवसाउजेडी प्रवास, खिडकीतून उजनीचं पाणी, वाटेत फोनवर चार कामं उरकलेली. आणि लॉजचा खर्च नाही. पुण्यात राहणाऱ्याची जी झोप रात्रीच्या विमानानं मोडते, ती आमची सकाळच्या विमानानंही मोडते. मग हजार रुपये जास्त देऊन मोडून का घ्यायची?

हा मुद्दा पक्का आहे, मी तो शेठजींसमोरही मांडलेला आहे. शेठजी खूश झाले. तिथंच मला थोडी शंका आली.

रात्रीचं तिकीट स्वस्त असतं ते कुणाच्या मेहेरबानीनं नाही. आपल्याकडच्या कंपन्यांची बरीचशी विमानं भाडेपट्ट्यावर घेतलेली असतात. विमान उडो की धावपट्टीच्या कडेला उभं राहो, महिन्याचं भाडं चुकत नाही. 2003 मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कननं स्वस्त विमानाचा धंदा या देशात आणला, तेव्हापासून त्याचा पाया हाच आहे: विमान जमिनीवर कमीत कमी वेळ ठेवायचं. उतरलं की अर्ध्या तासात रिकामं करायचं, भरायचं, पुन्हा उडवायचं. दिवसाच्या फेऱ्या संपल्यावर रात्री ते नुसतं उभं राहतं. एवीतेवी भाडं भरायचंच आहे तर एक फेरी रात्री मारली, इंधन आणि वरखर्च निघाला तरी पुष्कळ. मोठ्या विमानतळांवर दिवसा उतरायला वेळेची जागा मिळणं मुश्कील, रात्री ती मोकळी असते. आणि विमानातली जागा हा माल साठवता येत नाही. तूर भाव पडला तर गोदामात ठेवता येते, दोन महिने थांबता येतं. विमानाचं दार लागलं की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य. म्हणून ती मिळेल त्या भावाला काढतात.

हे सगळं वाचून-ऐकून समजलं तेव्हा मला आमच्या शेतातली लाईट आठवली. आमच्याकडं विजेला लाईटच म्हणतात. शेतीपंपाला चक्राकार पद्धतीनं वीज मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. दिवसा कारखाने, दुकानं, दवाखाने यांची मागणी असते. रात्री ती उतरते, पण कोळशावरचे मोठे संच पंख्याच्या बटणासारखे बंद-चालू करता येत नाहीत. उरलेली वीज मग शेताकडं वळते. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, उमेदीची किती वर्षं रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन उसाला दारं धरण्यात घालवली त्याला हिशोब नाही. विंचू-सापाची भीती, थंडीत पाण्यात बधिर झालेले पाय, आणि मधेच लाईट गेली तर बांधावर बसून वाट बघणं. दिवसा लाईट द्या, ही मागणी या भागात कितीतरी वर्षांची. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये आली आणि 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा आला, तो याच मागणीपोटी.

सोय तीच आहे. दिवस ज्याला परवडतो त्याचा, उरलेली रात्र बाकीच्यांची. आमच्या वाट्याला लाईट रात्रीची आली, ट्रॅव्हल्स रात्रीची आली. मुंबईला जायची आमची हक्काची गाडी, लातूर एक्स्प्रेस, तीसुद्धा रात्रीचीच (ती 2017 मध्ये बिदरपर्यंत नेली तेव्हा लातुरात आंदोलनं झाली, इतकी ती आमची). आता विमान परवडायला लागलं, तर तेही रात्री अडीचचं. फरक एवढाच की लाईटीची पाळी महावितरण ठरवतं आणि विमानाची आपण स्वतः बोटानं निवडतो. निवडतो म्हणायचं आपलं.

पण म्हणून रात्रीचं विमान टाकाऊ ठरवायला मी तयार नाही. त्यात डावं-उजवं आहे, आणि तिकीट काढताना ते कुणी सांगत नाही.

पहिली गोष्ट, रात्री साडेअकराचं विमान आणि पहाटे पाचचं विमान यांना एकाच माळेत ओवू नये. एक विमान दिवसभरात सहा-सात फेऱ्या मारतं. सकाळी कुठं वीस मिनिटं उशीर झाला, दुपारी कुठं पावसानं घिरट्या घालाव्या लागल्या, की तो सगळा उशीर साचत साचत शेवटच्या फेरीवर येतो. साडेअकराच्या विमानाला दिवसभराचं देणं फेडावं लागतं. पहाटेचं विमान बहुतेक वेळा रात्री तिथंच मुक्कामाला आलेलं असतं, त्यामुळं ते वेळेवर निघण्याची शक्यता कितीतरी जास्त. स्वस्त म्हणून रात्रीचं घ्यायचंच असेल तर मी मध्यरात्रीच्या अलीकडचं घेत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सगळे विमान सुटायची वेळ बघतात. आमच्यासारख्यांनी ते उतरायची वेळ बघावी. पुण्यात पहाटे पाचला उतरलात तर सोनं आहे. बाहेर चहा मिळतो, तासाभरात स्वारगेट गाठता येतं, लातूरच्या गाड्या लागलेल्या असतात, दुपारच्या जेवणाला घरी. तेच विमान रात्री दीडला उतरलं तर लोहगावच्या त्या रस्त्यावर तुम्ही, तुमची बॅग आणि अव्वाच्या सव्वा भाडं सांगणारे ड्रायव्हर. लातूरची शेवटची गाडी गेलेली, पहिलीला चार तास. मग पुण्यातला कुणीतरी नातेवाईक आठवतो. खराडीला राहणारा माझा चुलतभाऊ कितीदा रात्री दोनला गाडी घेऊन आलाय, सकाळी आठला त्याची शिफ्ट असताना. तो काही बोलत नाही. वहिनी मात्र एकदा हसत हसत म्हणाल्या, “भाऊजी, तुमचं तिकीट स्वस्त का मिळतंय ते आता कळालं.” तिकिटात न धरलेली अशी बरीच रक्कम दुसऱ्यांच्या खात्यातून जाते. आई लातूरला देवासमोरचा दिवा विझला तरी जागीच असते. विमान उतरल्याचा फोन करावा तर झोपमोड होईल म्हणून करत नाही, आणि न केल्यामुळं ती झोपत नाही.

भाची गुरुग्रामला नोकरीला आहे. ती पहिल्या पगारातून अशीच रात्रीची तिकिटं काढायची. एकटीनं रात्री अडीचला टॅक्सीत बसायचं, तर ती बसेपासून खोलीचं कुलूप उघडेपर्यंत ताई फोन चालू ठेवायची. भाची हुशार, धीट, तिला भीती वाटत नव्हती. पण पुरुषाला रात्रीचं जे तिकीट एक हजारानं स्वस्त पडतं ते मुलीला तेवढं पडत नाही, हे तिनंच हिशोब मांडून मला दाखवलं. आता ती पाचनंतर उतरणारंच घेते.

दिल्लीचं वेगळंच. तीनला सुटून पाचच्या सुमाराला उतरलं की मेट्रो सुरू होत असते, नवी दिल्ली स्टेशनपर्यंत अर्ध्या तासात. पण पुढं काय? नया बाजारातले व्यापारी दहा-अकराशिवाय गादीवर बसत नाहीत. लॉजवाला बाराच्या आत खोली द्यायला आणखी अर्ध्या दिवसाचं मागतो, की वाचवलेले हजार तिथंच गेले. नाही दिले तर स्टेशनच्या प्रतीक्षालयात डोळे ताणत बसायचं आणि मग झोपाळलेल्या डोक्यानं अशा माणसाशी सौदा करायचा जो घरून आंघोळ करून, पराठे खाऊन आलाय. सौद्यात गेलेल्या वीस रुपयांचा आणि तिकिटात वाचलेल्या हजाराचा हिशोब एकदा लावून बघा. दोनशे क्विंटलच्या मालावर तो माझ्या बाजूनं लागत नाही.

आणि हिवाळ्यात उत्तरेकडं पहाटे उतरणारं विमान शक्यतो घेऊच नये. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं सूर्योदयाच्या आगंमागं सगळ्यात दाट असतं. धुक्यातही उतरवायची यंत्रणा तिथं आहे, पण विमान आणि वैमानिक दोन्ही त्यासाठी पात्र लागतात, आणि तरी एकामागोमाग एक उतरवायचा वेग मंदावतो. मग विमान जयपूरला नेऊन उभं करतात. एप्रिल-मेमध्ये मात्र उलट. दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा वर उसळते आणि विमान खडखडतं, रात्री ती शांत असते. उन्हाळ्यात रात्रीचं विमान मी आनंदानं घेतो.

एक नियम सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा, कारण काउंटरवर तो आपणहून कुणी सांगत नाही. रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यान सुटणारं विमान सहा तासांहून जास्त लांबलं, तर कंपनीनं प्रवाशाच्या राहण्याची सोय करायची असते. दिवसाच्या विमानाला हीच सवलत चोवीस तासांच्या पुढं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, हा नियम आहे. पाच तास पन्नास मिनिटांनी विमान कसं काय निघतं, हा प्रश्न मला पडलेला आहे, पण तो सोडून देऊ.

आतापर्यंत हिशोब बसणाऱ्यांचा झाला. चालवणाऱ्याचाही बघायला हवा. पहाटे दोन ते सहा या वेळेत माणसाचं शरीर सगळ्यात मंद असतं, तापमान उतरतं, लक्ष विखुरतं. विमानशास्त्रात या वेळेला स्वतंत्र नाव आहे आणि तिचे वेगळे नियम आहेत. 22 मे 2010 रोजी दुबईहून रात्री निघालेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं, म्हणजे स्वस्त तिकिटाचंच, विमान सकाळी सहाच्या सुमाराला मंगळूरला डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीच्या पुढं जाऊन कोसळलं. 158 माणसं गेली, 8 वाचली. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज होता. दीड तासाहून जास्त झोपून उठल्यावर डोकं जड असताना त्यांनी विमान उतरवायला घेतलं, सहवैमानिकानं ‘परत फिरू’ म्हणून सांगितलं तरी ते थांबले नाहीत, असं चौकशीत निघालं. मला कुणाला घाबरवायचं नाही. विमान आजही ट्रॅव्हल्सपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे, आणि रात्री तीनला टेंभुर्णीच्या पुढं आपल्या ड्रायव्हरचे डोळे कसे असतात ते कुणी तपासत नाही. पण रात्र स्वस्त झाली की ती कुणाच्या तरी झोपेतून झाली, एवढं त्या अहवालात स्पष्ट दिसतं.

म्हणून डीजीसीएनं 2024 मध्ये वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नियम बदलले. रात्र पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरली, आठवड्याची सलग विश्रांती 36 वरून 48 तासांवर नेली, रात्री उतरण्याची मर्यादा सहावरून दोनवर आणली. कंपन्यांनी मुदत मागत मागत ते टप्प्यांनी लागू झाले, शेवटचा टप्पा 1 नोव्हेंबर 2025 ला. महिनाभरात, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. नव्या नियमांत बसवायला वैमानिक पुरेसे नव्हते. देशभर लोक विमानतळांवर बॅगांवर डोकं ठेवून झोपले. मग रात्रीच्या अटींतून कंपनीला 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत तात्पुरती सूट दिली गेली. त्या दिवसांत टीव्हीवर सगळे कंपनीला शिव्या घालत होते, त्यात मीही होतो. पण सकाळच्या तिकिटापेक्षा हजारानं स्वस्त जागा ज्या रात्रीत तयार होते, ती याच अटी वाकवून तयार होत होती, आणि ती विकत घेणाऱ्यांत मी पुढं होतो, हेही खरं.

या उन्हाळ्यात आप्पांना दिल्लीला न्यायचंय. धाकटा भाऊ नोएडाला असतो, त्याच्या मुलीचं बारसं. आप्पा अठ्ठ्याहत्तरचे, साखरेची गोळी सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळेला, पाय लोंबकळले की सुजतात. स्वस्त विमानाच्या खुर्चीची पाठ फारशी मागं जात नाही, आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळी ते विमानतळाच्या लोखंडी बाकावर असणार, जिथं काही खायचं म्हटलं तर किमती बघूनच साखर वाढते. आईनं आत्ताच सामान काढायला सुरुवात केली आहे: धपाटे, शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला आणि सुनेसाठी खोबऱ्याच्या वाट्या. सुकं खोबरं विमानात चालत नाही, त्यातल्या तेलानं पेट घेईल म्हणतात. हे मी तिला सांगितलं, तिचा विश्वास बसलेला नाही. मसाल्यात कुटलेलं चालतं का, असं तिनं विचारलं. मी हो म्हणालो.

मी दुपारी बारा चाळीसचं तिकीट काढलं. मे महिना आहे, विमान हलणार, पण ते चालेल. आदल्या दिवशी पुण्याला चुलतभावाकडं मुक्काम, सकाळी आप्पांची गोळी, नाश्ता, मग निवांत विमानतळ. दोघांचे मिळून साडेतीन हजार जास्त गेले. आप्पांनी अपेक्षेप्रमाणे पहिला प्रश्न किमतीचा केला. मी हजारानं कमी करून सांगितली.

“रात्रीचं न्हवतं का?” ते म्हणाले. “रात्रीचं स्वस्त आस्तंय म्हणलालास की मागं.”

“होतं. पण झोप होत नाही, आप्पा.”

“मला कुठं झोप येत्याय रात्री? लाईटीनं सवय लावल्याय,” ते म्हणाले, आणि मोबाइल हातात घेऊन, चष्मा कपाळावर सारून, अडीचच्या विमानाला किती पडले असते ते मला पुन्हा नीट दाखवायला लावलं.